प्रतीक्षायादीवरील विद्यार्थ्याचे पत्र

अमेरिकेतील महाविद्यालयांकडे पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांना डिसेंबरच्या मध्यास आणि मार्चच्या अखेरीस, अशा दोन वेळा, उत्तरे येतात. पूर्वी ती टपालाने येत. पाकीट जाड असले म्हणजे प्रवेश मिळाला आणि पातळ असले म्हणजे नकार आला, असे न उघडताच ओळखले जाई. आता उत्तर संगणकाच्या पडद्यावर येते, परंतु स्वीकार आणि नकार या दोहोंचा अर्थ पूर्वीइतकाच उघड असतो. गोंधळ उडतो तो तिसऱ्या प्रकारच्या उत्तराने. ‘आपल्या अर्जावरील निर्णय पुढे ढकलण्यात आला आहे’ किंवा ‘आपले नाव प्रतीक्षायादीत ठेवण्यात आले आहे’ असे त्यात लिहिलेले असते. हा होकार म्हणावा की सौजन्याने दिलेला नकार, यावर घरात चर्चा होते, ओळखीच्यांना विचारले जाते आणि अखेरीस महाविद्यालयास एक पत्र लिहावयाचे ठरते. ते पत्र कसे असावे, केव्हा पाठवावे आणि त्यात कोणते वचन द्यावे अथवा देऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम या दोन उत्तरांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये दोन टप्प्यांत अर्ज घेतात. पहिल्या टप्प्याची मुदत बहुधा १ किंवा १५ नोव्हेंबर असते, दुसऱ्याची जानेवारीच्या आरंभी. पहिल्या टप्प्यात काही ठिकाणी अर्ज बंधनकारक असतो, म्हणजे प्रवेश मिळाल्यास तेथेच जाईन असे विद्यार्थी, पालक आणि शाळा यांनी सहीनिशी कबूल केलेले असते. काही ठिकाणी असे बंधन नसते. या टप्प्यातील ज्या अर्जांवर डिसेंबरात निर्णय होत नाही, ते जानेवारीच्या अर्जांत मिसळून पुन्हा वाचले जातात. यालाच निर्णय लांबणीवर पडणे असे म्हणतात. येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बंधनकारक अर्जाचा निर्णय असा लांबणीवर पडला, की त्यातील बंधन संपते आणि विद्यार्थी इतरत्र जाण्यास मोकळा होतो. प्रतीक्षायादी ही निराळी बाब आहे. तेथे अर्ज पूर्णपणे वाचून झालेला असतो, विद्यार्थी पात्र ठरलेला असतो, परंतु जागा नसते. जागा निघाली तर ती साधारणपणे मे आणि जूनमध्ये निघते. क्वचित ऑगस्टपर्यंतही हालचाल चालते.

आपल्या मनात ‘प्रतीक्षायादी’ हा शब्द उच्चारताच रेल्वेचे तिकीट उभे राहते. क्रमांक सत्तावीस, मग एकोणीस, मग चार. पुढचे गळाले की मागचा सरकतो. अकरावीची केंद्रीय प्रवेशप्रक्रिया असो किंवा अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या असोत, तेथेही गुणानुक्रम ठरलेला असतो आणि कोणी कितीही सुंदर पत्र लिहिले तरी क्रमांक हलत नाही. हलूही नये, त्या पद्धतीचा न्याय त्यातच आहे. अमेरिकेतील बहुतेक महाविद्यालयांच्या प्रतीक्षायादीस मात्र असा क्रम नसतो. तो का नसतो हे समजल्यावाचून पत्राचे प्रयोजनच कळणार नाही.

आपल्याकडील लग्नाच्या पंगतीचे उदाहरण येथे चपखल बसते. यजमान जेवढी पाने मांडावयाची त्याहून अधिक लोकांना आमंत्रणे देतो, कारण सगळे येत नाहीत हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. महाविद्यालयही तसेच करते. समजा, एखाद्या महाविद्यालयास १,००० विद्यार्थी हवे आहेत आणि प्रवेश देऊ केलेल्यांपैकी शेकडा ४० येतात असा अनुभव आहे, तर ते २,५०० जणांना होकार कळवील. त्या वर्षी शेकडा ३७ च आले तर ७५ जागा रिकाम्या राहतात. या ७५ जागा कोणाच्या गेल्या आहेत त्यावर पुढचे सारे अवलंबून असते. वाद्यवृंदातील वादक कमी पडले, रसायनशास्त्राकडे येणारे घटले, एखाद्या प्रदेशातून कोणीच आले नाही, किंवा पूर्ण शुल्क भरणारे अपेक्षेहून थोडे निघाले, तर त्या त्या प्रकारची उणीव भरून काढण्यासाठी यादी उघडली जाते. शिवाय मे महिन्यात अधिकाऱ्याला पुन्हा आमंत्रणे वाया घालवायची नसतात. बोलावल्यास नक्की येईल असा विद्यार्थी त्यास हवा असतो. विद्यार्थ्याच्या पत्रास किंमत येते ती नेमकी या कारणाने.

ही किंमत किती, हे सांगताना मात्र अतिशयोक्ती टाळली पाहिजे. अमेरिकेतील प्रवेश-समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना वेळोवेळी महाविद्यालयांची पाहणी करते. २०१८ च्या शरदातील प्रवेशांसंबंधी तिने प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार शेकडा ४३ महाविद्यालयांनी प्रतीक्षायादी वापरली आणि यादीत राहण्यास होकार देणाऱ्यांपैकी सरासरी शेकडा २० जणांना प्रवेश मिळाला. ही सर्व महाविद्यालयांची सरासरी झाली. ज्यांची नावे आपल्याकडे घरोघर माहीत आहेत अशा अति-निवडक संस्थांत हे प्रमाण शेकडा दहाच्याही खाली असते, आणि काही वर्षी एखाद्या संस्थेत ते शून्य असते. बहुतेक महाविद्यालये दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे ठराविक नमुन्यातील माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्याच्या प्रवेशविषयक भागात किती जणांना यादीत ठेवले, किती राहिले आणि किती घेतले हे तीन आकडे सापडतात. पत्र लिहावयास बसण्यापूर्वी मागील चार-पाच वर्षांचे हे आकडे विद्यार्थ्याने स्वतः काढून पालकांसमोर ठेवावेत. घरातील चर्चा त्यामुळे पुष्कळ शांतपणे होते.

आता पत्राकडे वळू. आपल्या शाळांत पत्रलेखन शिकविले जाते ते विनंतीअर्जाच्या रूपाने. ‘सविनय सादर’ ने आरंभ, मध्ये अडचणींचे निवेदन, शेवटी ‘सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ आणि खाली ‘आपला कृपाभिलाषी’. हा साचा आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की इंग्रजीत लिहितानाही तो तसाच उतरतो. प्रतीक्षायादीवरील एखादी विद्यार्थिनी कल्पनेने डोळ्यांसमोर आणावी. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातील एका कांदा-उत्पादकाची ती मुलगी आहे आणि रसायनशास्त्र शिकण्याची तिची इच्छा आहे, असे समजू. तिने पहिल्या प्रयत्नात लिहिलेले पत्र मराठीत आणल्यास साधारणपणे असे दिसेल:

‘माननीय महोदय, आपल्या जगद्विख्यात महाविद्यालयात शिकावे हे माझे लहानपणापासूनचे स्वप्न आहे. प्रतीक्षायादीत नाव आल्याचे वाचून मला व माझ्या कुटुंबीयांस अतोनात दुःख झाले. माझ्या आई-वडिलांनी माझ्या शिक्षणासाठी अपार कष्ट घेतले आहेत. मी मेहनती, जिद्दी व प्रामाणिक विद्यार्थिनी असून संधी मिळाल्यास तिचे सोने करीन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक पुनर्विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

या पत्रात खोटे असे काहीच नाही. तथापि वाचणाऱ्या अधिकाऱ्यास त्यातून टिपून घेण्याजोगे एक वाक्यही मिळत नाही. तो बहुधा भारताकडून आलेले सारे अर्ज पाहणारा अधिकारी असतो, आणि मेहनत, जिद्द व स्वप्न ही त्याच्यापुढील प्रत्येक अर्जात असतात. पुढे निवडसमितीच्या बैठकीत त्याला या विद्यार्थिनीची बाजू दोन मिनिटांत मांडावयाची असते. त्यासाठी त्याच्या हाती काय द्यावे, हा खरा प्रश्न आहे. कार्यालयात अर्ज वाचण्यात ज्यांची हयात गेली त्यांना हे निराळे सांगावयास नको. दहा अर्जांतून लक्षात राहतो तो गट क्रमांक, तारीख आणि पावती जोडलेला अर्ज.

त्याच विद्यार्थिनीचे दुसरे पत्र पाहावे. मूळ पत्र अर्थातच इंग्रजीत लिहावयाचे आहे:

‘प्रतीक्षायादीत राहण्याची माझी इच्छा आहे आणि तसा नमुना मी भरून दिला आहे. अर्ज केला तेव्हा, म्हणजे ऑक्टोबरात, आमच्या गावातील अकरा विहिरींच्या पाण्यातील नायट्रेटचे प्रमाण मी एकदा मोजले होते. जानेवारीत कांद्याला पाणी देणे चालू असताना त्याच विहिरी पुन्हा मोजल्या. लिटरला ४५ मिलिग्रॅम या भारतीय मानकाच्या वर असलेल्या विहिरी ऑक्टोबरात दोन होत्या, जानेवारीत चार निघाल्या. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मी हे आकडे वाचून दाखविले. दोन विहिरींचे पाणी पिण्यास वापरू नये असे सभेने ठरविले. उरलेल्या दोन विहिरींविषयी एकमत झाले नाही. माझी मोजणी कागदी पट्ट्यांनी केलेली असल्याने आकडे स्थूल आहेत. प्रयोगशाळेतील तपासणी अद्याप करावयाची आहे. पूर्वपरीक्षेत मला रसायनशास्त्रात ७० पैकी ६१ गुण मिळाले असून गुणपत्रक महाविद्यालयाने आपणांकडे पाठविले आहे. बारावीची परीक्षा संपली. निकाल लागताच कळवीन. आपल्या रसायन विभागात पहिल्या वर्षापासून जलविश्लेषणाच्या कामात विद्यार्थ्यांना घेतात, हे मी विभागाच्या माहितीत वाचले. पट्टीने न सुटलेला प्रश्न मला तेथे सोडवावयाचा आहे. अर्जात नमूद केलेल्या रकमेहून अधिक खर्च माझे कुटुंब उचलू शकत नाही. तेवढ्या साहाय्यासह प्रवेश मिळाल्यास मी आपल्याकडेच येईन.’

या पत्रात विनवणी कोठेही नाही, आणि उद्धटपणाही नाही. अर्ज केल्यानंतरच्या काळात काय घडले ते त्यात सांगितले आहे. नवी माहिती म्हणजे पारितोषिकच असावे, असा समज सर्वत्र आहे आणि तो चुकीचा आहे. हाती घेतलेले काम पुढे सरकले, ही नवी माहिती होय. त्यातही ‘आकडे स्थूल आहेत’ हे वाक्य मला साऱ्या पत्रात अधिक मोलाचे वाटते. आपल्या मोजणीची मर्यादा स्वतःहून सांगणारी सतरा-अठरा वर्षांची मुलगी प्रयोगशाळेत कशी वागेल, हे अनुभवी वाचकाच्या त्या एका ओळीवरून ध्यानात येते. एखादा हितचिंतक हे वाक्य काढून टाकण्याचा सल्ला देईल. तो मानू नये.

उणीव लपविण्याऐवजी ती सांगून पुढे जाण्याची ही रीत आपल्याला परकी नाही. १८८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्यावर आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास प्रवेशासाठी जे पत्र लिहिले, ते आज तेथील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या अटींत आपले पूर्वशिक्षण पुरेपूर बसत नाही याची त्यांना जाणीव होती, आणि ती त्यांनी पत्रात दडविली नाही. आपण काय शिकलो आणि कोणत्या भाषा येतात ते त्यांनी सांगितले. मित्र व जात यांचा विरोध असताना आपण या देशात आलो, त्या निश्चयाचा विचार व्हावा, असे लिहिले. आपल्या देशातील स्त्रिया पुरुष वैद्याकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी ही विद्या हवी आहे, हा हेतूही एकाच वाक्यात मांडला. त्यांना प्रवेश मिळाला आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी तेथील वैद्यकीय पदवी घेतली. त्यांचे प्रकरण प्रतीक्षायादीचे नव्हते, हे खरे; परंतु ज्याचा प्रवेश निश्चित नाही अशा व्यक्तीने महाविद्यालयास कसे लिहावे, याचा याहून चांगला नमुना मराठी विद्यार्थ्यास शोधूनही सापडणे कठीण आहे.

वरील नमुन्यातील शेवटच्या दोन वाक्यांकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. ‘प्रवेश मिळाल्यास मी येईन’ हे वाक्य वाचणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत वजनदार असते, आणि म्हणूनच ते पाच महाविद्यालयांना लिहिण्याचा मोह होतो. असे वचन एकाच ठिकाणी देता येते. कायद्याने त्यास बांधता येत नाही, ही गोष्ट खरी; परंतु मोडलेल्या वचनाची झळ पुष्कळदा दुसऱ्याला लागते. त्याच शाळेतून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलाच्या पत्रातील तेच वाक्य मग कोण खरे मानील? ज्या इतर ठिकाणी यादीत राहावयाचे असेल तेथे ‘आपल्या महाविद्यालयाचा मी गंभीरपणे विचार करीत आहे’ एवढेच लिहावे. ते पुरेसे असते आणि खरेही असते.

दुसरे वाक्य पैशाचे. येथे पुष्कळ घरांत गफलत होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम.आय.टी., ॲमहर्स्ट अशा मोजक्या संस्था परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश देतात आणि मग गरजेप्रमाणे साहाय्य करतात. उरलेल्या बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत खर्च उचलण्याची क्षमता निर्णयात धरली जाते, आणि प्रतीक्षायादी उघडेपर्यंत साहाय्याचा निधी बराचसा वाटला गेलेला असतो. हे ऐकले की कोणीतरी सुचविते, ‘साहाय्य नको असे लिहून टाका, एकदा आत गेल्यावर पाहता येईल.’ हा सल्ला धोक्याचा आहे. अनेक महाविद्यालयांत प्रवेशाच्या वेळी साहाय्य न मागितलेल्या परदेशी विद्यार्थ्यास पुढील वर्षांतही ते मागता येत नाही. चार वर्षांचा खर्च लाखांत नव्हे, कोटीत मोजावा लागतो. राष्ट्रीयीकृत बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाख रुपयांवरील कर्जास मालमत्तेचे तारण लागते, आणि ग्रामीण भागात तारण म्हणजे बहुधा जमीन किंवा राहते घर. ते तारण जूनमध्ये आठ दिवसांत ठरविण्याची पाळी घरावर येऊ नये. तेव्हा ‘साहाय्य नको’ हे वाक्य लिहावयाचे किंवा नाही, याचा निर्णय वडीलधाऱ्यांनी मुलासमोर कागदावर हिशेब मांडून एप्रिलमध्येच केलेला बरा. मुलाला आकडे सांगू नयेत, त्याचे मन खचेल, असे काहींना वाटते. ते आकडे पुढे त्यालाच फेडावयाचे असतात.

आता वेळेविषयी. निर्णय लांबणीवर पडल्याचे डिसेंबरात कळते. त्या आठवड्यातच घाईने उत्तर धाडण्यात अर्थ नाही, कारण सांगण्यासारखे नवे काही तयार झालेले नसते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी, सत्राचे अथवा पूर्वपरीक्षेचे गुण हाती आल्यावर लिहावे. एम.आय.टी. तर आपल्या अर्जदारांकडून, निर्णय लांबणीवर पडलेले उमेदवार त्यात आलेच, फेब्रुवारीत नव्या माहितीचा एक स्वतंत्र नमुना भरून घेते. असा नमुना असेल तेथे निराळ्या पत्राची गरज नाही. प्रतीक्षायादीचे उलट आहे. तेथे यादीत राहावयाचे असल्याचा होकार ठराविक मुदतीत स्वतः नोंदवावा लागतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या शाखांत तो नोंदविला नाही तर नाव आपोआप गळते. होकार नोंदवून सुमारे दोन आठवड्यांत पत्र पाठवावे. काही महाविद्यालये पत्र किंवा जोडपत्रे पाठवू नयेत असे स्पष्ट लिहितात. तेथे पाठवू नये. सूचना वाचून तिच्या उलट वागणारा उमेदवार आपली पहिली छाप तेथेच पाडून ठेवतो.

मे महिन्यात महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या निकालाचा प्रश्न येतो. हा निकाल २०२३ मध्ये २५ मे रोजी, २०२४ मध्ये २१ मे रोजी आणि २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला. यादीतील हालचाल याच दिवसांत चालू असते, त्यामुळे चांगला निकाल ही दुसरे, चार ओळींचे पत्र पाठविण्यास योग्य अशी घटना आहे. निकाल अपेक्षेहून कमी लागला असल्यास काय करावे, असे पालक विचारतात. गुणपत्रक मागितले जाईल तेव्हा द्यावेच लागते. ते लपविण्याचा विचार मनातून काढावा; परंतु आपण होऊन त्यावर पानभर खुलासा लिहिण्याचेही कारण नाही.

पत्र एका पानाहून मोठे असू नये. ते विद्यार्थ्याने स्वतः लिहावे. वडिलांनी लिहिलेले पत्र दुसऱ्या ओळीतच ओळखू येते, आणि सल्लागाराने अथवा संगणकाने लिहून दिलेले पत्र इतके गुळगुळीत असते की ते कोणाचेही असू शकते. शिक्षकांनी डोळ्यांखालून घालण्यास हरकत नाही. नव्या शिक्षकाचे शिफारसपत्र महाविद्यालय स्वीकारीत असेल तर एक जोडावे. आमदार, खासदार वा मंत्रीमहोदय यांची शिफारस मिळविण्यासाठी धावपळ करू नये. ज्यांनी विद्यार्थ्यास वर्गात पाहिलेले नाही त्यांच्या शब्दाला तेथे वजन नसते, मग लिहिणाऱ्याचे पद कितीही मोठे असो. हारतुरे, भेटवस्तू, दूरध्वनीचा मारा, यांचा परिणाम उलटच होतो. ‘यादीतून नक्की काढून देतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहावे. ज्या यादीस क्रमच नाही तिच्यात कोणाला पुढे सरकविता येत नाही. मोफत मार्गदर्शन हवे असल्यास १९५० साली स्थापन झालेल्या भारत-अमेरिका शैक्षणिक प्रतिष्ठानाकडे मुंबईत चौकशी करता येते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना वरील बहुतेक गोष्टी लागू पडतात. फरक एवढाच की तेथे निर्णय विभागाच्या हाती असतो, म्हणून पत्र विभागाच्या प्रवेश समन्वयकास लिहावे आणि ते कोणत्या संशोधनाशी निगडित आहे हे नेमके सांगावे. अर्थसाहाय्यासह दिलेले प्रवेशप्रस्ताव स्वीकारण्याची तारीख अनेक विद्यापीठांत १५ एप्रिल असते. जागा मोकळ्या होतात त्या तिच्या आगेमागे. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्यासाठी अर्ज करताना प्रतीक्षायादीचे पत्र हे प्रवेशाचे पत्र नव्हे, ही गोष्ट ध्यानी ठेवावी. विनाअट प्रवेश देणारे दुसरे एखादे पात्र विद्यापीठ हाती असल्यास ते केवळ आशेवर सोडू नये.

पदवीच्या विद्यार्थ्यांनाही हेच लागू आहे. प्रतीक्षायादीवर नाव असो वा नसो, जेथे प्रवेश मिळाला आहे अशा एका महाविद्यालयाची जागा १ मेपर्यंत अनामत भरून निश्चित केलीच पाहिजे. ही तारीख अमेरिकेत दीर्घकाळ सर्वमान्य आहे. २०२० मध्ये साथीमुळे अनेक महाविद्यालयांनी ती १ जूनपर्यंत वाढविली होती, तसे अपवाद सोडावेत. पूर्वी संघटनेच्या आचारसंहितेनुसार १ मेनंतर दुसऱ्या महाविद्यालयाकडे गेलेल्या विद्यार्थ्यास आपल्याकडे ओढण्यास महाविद्यालयांना मनाई होती. अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पर्धाविषयक कायद्याच्या आधारे तीस आक्षेप घेतल्यावर सप्टेंबर २०१९ मध्ये सभासदांनी ते कलम मतदानाने काढून टाकले. त्यामुळे उन्हाळ्यातील फेरबदलांना वाव वाढला आहे. अनामत काही शे डॉलर असते आणि प्रतीक्षायादीतून दुसरीकडे गेल्यास ती बुडते. ती बुडाली तरी चालेल इतकीच तयारी ठेवून भरावी. दोन ठिकाणी मात्र भरू नये.

यादीतून बोलावणे आले तर उत्तरासाठी अवधी थोडा असतो, कधी आठवडा, कधी दोन-तीन दिवसच. साहाय्याची रक्कम लेखी हाती आल्याखेरीज होकार देऊ नये. ती मागण्यात संकोच नको. होकार दिल्यावर पहिल्या महाविद्यालयास त्याच दिवशी कळवून जागा सोडावी, कारण त्यांच्याही यादीवर कोणीतरी वाट पाहत असते. मग नव्या महाविद्यालयाकडून आय-२० हे प्रमाणपत्र मिळवावयाचे, आणि त्यासाठी किमान पहिल्या वर्षाच्या खर्चाची तरतूद दाखविणारी बँकेची कागदपत्रे द्यावयाची. त्यानंतर सेव्हिस शुल्क, जे २०१९ मध्ये ३५० डॉलर करण्यात आले, ते भरून मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखतीची वेळ घ्यावयाची. ही वेळ मिळेलच असे धरून चालता येत नाही. २०२५ च्या मे अखेरीस अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या वेळा देणे जगभर थांबविले आणि जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू केले. प्रतीक्षायादीतून निवडलेल्यांना नेमके तेच आठवडे हवे होते. म्हणून आधी अनामत भरलेल्या महाविद्यालयाच्या आय-२० वर मुलाखतीची वेळ घेतलेली असेल, तर ती रद्द करू नये. नव्या आय-२० वरील सेव्हिस क्रमांक बदलतो; तो मुलाखतीपूर्वी अर्जात दुरुस्त करून घ्यावा, पूर्वी भरलेले शुल्क नव्या क्रमांकाकडे वळवून मिळते का ते पाहावे, आणि दोन्ही महाविद्यालयांची पत्रे मुलाखतीच्या दिवशी जवळ ठेवावीत.